एक पंचमांश लहान किंवा मोठी

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण आईने दिलेलं सगळं एकावर एक चढवते, त्यामुळे काळजी नको. बाकीचं रोजचं फोनवर होतंच. पत्र लिहायला बसले ते बाबांच्या परवाच्या प्रश्नामुळे. "दुसऱ्यांची चित्रं गिरवायला पॅरिसला कशाला जायला हवं होतं?" तेव्हा मी हसून विषय बदलला, पण उत्तरं रात्रभर सुचत राहिली.

बाबा, इथे नक्कल राजरोस चालते. लूव्र संग्रहालयात लोक भर गर्दीत ईझल मांडून जुन्या चित्रासमोर उभे राहतात आणि तेच चित्र रंगवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आता पहारेकरी हाकलणार. तो आला, रंगवणाऱ्या आजींना अदबीने नमस्कार केला आणि मलाच मागे सरकायला सांगितलं! १७९३ मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हापासूनची ही रीत. परवाना लागतो. नक्कल मूळ चित्राच्या मापाची चालत नाही, निदान एक पंचमांश लहान किंवा मोठी हवी. मूळ चित्रकाराची सहीही उतरवायची नाही. बाकी सगळं खुशाल घ्या. मला यातलं अजूनही पुरतं उमगलेलं नाही. आपल्या वर्गात शेजारच्याच्या कागदात डोकावलं तरी पट्टी बसायची.

मला परवाना लागत नाही, मी वही-पेन्सिल घेऊन बसते. गेले तीन शुक्रवार शार्दँ या जुन्या फ्रेंच चित्रकाराचं १७२८ चं एकच चित्र काढतेय. आकडीला टांगलेला पाकट मासा, पोट फाडलेलं, आणि चेहरा असा की हसतोय की विव्हळतोय कळू नये. (आई, तू नाक मुरडणार, माहीत आहे.) डावीकडे शिंपल्यांवर पाय देऊन अंग फुलवलेलं मांजर. खाली टेबलाच्या कडेबाहेर आलेली सुरीची मूठ. दोन शुक्रवार मला ती मूठ फक्त 'छान' वाटली. तिसऱ्या वेळी काढताना कळलं, ती तिरकी आहे म्हणून टेबलाला खोली आली आहे. नुसतं बघून हे मला जन्मात कळलं नसतं. आता माझ्या स्वतःच्या चित्रात दाराची कडी तशीच बाहेर आली आहे. हिला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

मातीस या मोठ्या फ्रेंच चित्रकारानेही हाच पाकट इथे उतरवला होता. डे हेम नावाच्या डच चित्रकाराचं फळांनी भरलेलं टेबल त्याने १८९३ मध्ये उतरवलं, आणि १९१५ मध्ये तेच पुन्हा घेऊन असं काढलं की मूळ चित्र ओळखायला शोधावं लागतं. मधे बावीस वर्षं गेली, बाबा. मला आठच महिने झालेत. आणि आपल्याकडे तरी काय, १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तिथल्या ग्रिफिथ्स साहेबांबरोबर अजिंठ्याच्या भिंतीच उतरवत होते ना?

हाच मातीस १८९९ मध्ये, हातात पैसा नसताना, सेझान या चित्रकाराचं एक छोटं चित्र विकत घेऊन बसला. त्यासाठी बायकोने अंगठी गहाण टाकली. ते चित्र त्याने सदतीस वर्षं जवळ ठेवलं, अडीअडचणीत त्यानेच धीर दिला म्हणायचा. हे वाचलं आणि पुस्तक मिटूनच ठेवलं.

आई, तुझ्या पाटल्या मार्चपर्यंत सुटतील. शनिवार-रविवार मुलांना चित्रकला शिकवायचं काम मिळालंय. पैशांची अडचण नाही. म्हणजे आहे, पण भागतंय. दादाला यातलं सांगू नका, तो लगेच पाठवेल.

आत्याने आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस बरा वाटतो, नाही म्हणत नाही. जूनपर्यंत थांबतील का, एवढंच विचारा. थांबत नसतील तर आत्याला माझ्या वतीने तुम्हीच समजवा, मला ती फोनवर रडवते.

बाबा, ऑपरेशनला मी हवी होते. तुम्ही 'काही नव्हतं गं त्यात' म्हणालात, म्हणून जास्तच लागलं.

सोबत पाकट पाठवतेय. मूळ चित्र जवळजवळ पावणेपाच फूट रुंद आहे, हे वहीच्या पानाएवढं, तेव्हा नियमात बसतं. सही माझीच आहे. डोळ्याची पट्टी निघाली की उजेडात धरून बघा आणि मांजर जमलंय का, ते कळवा.

तुमची,
छोटी