मानसशास्त्राचा शिक्षक म्हणजे समुपदेशक नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकालांचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचाव्या लागतात आणि त्यापाठोपाठ ‘महाविद्यालयांनी समुपदेशन कक्ष सुरू करावेत’ अशी आवाहनेही होतात. आवाहन रास्त आहे, पण आमच्यासारख्या अनेक महाविद्यालयांत ते कसे ‘पार पाडले’ जाते हे आतल्या माणसाने सांगायला हवे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते.

विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तिथे किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. शंभरापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी न्यायालयाने विचारात घेतली. त्या वर्षी या यादीत महाराष्ट्र पहिला होता.

मग झाले काय? ‘आपल्याकडे मानसशास्त्राच्या मॅडम आहेतच की!’ एवढ्या एका वाक्यावर पद भरले गेले. माझ्या हातात समन्वयकपदाचा आदेश आला. तासिका एकही कमी झाली नाही, खोली मिळाली नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या समितीच्या भेटीसाठी ग्रंथालयाशेजारी ‘विद्यार्थी समुपदेशन कक्ष’ असा फलक लागला, आत मात्र क्रीडा विभागाच्या जाळ्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

मी एमए केले ते औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्रात. कर्मचाऱ्यांची निवड, अभिक्षमता चाचण्या, कामाचे समाधान हा माझा अभ्यास. सेट उत्तीर्ण झाले म्हणून मी पदवीच्या वर्गाला शिकवू शकते. नैराश्यात खोल गेलेल्या मुलाला हाताळण्याचे देखरेखीखालचे प्रशिक्षण ही वेगळी वाट आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आपण पोटदुखीचे औषध मागत नाही, मग मनाच्या बाबतीतच ही सवलत का?

आमचे खरे काम काय असते, तेही सांगते. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये १८७९ साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा निघाली आणि १९१६ साली कोलकाता विद्यापीठात या विषयाचा विभाग सुरू झाला, हे वर्गात सांगताना मला आजही भरून येते, कारण माझी मुले येतात ती ‘मॅडम, तुम्ही समोरच्याच्या मनातले ओळखता का?’ हा प्रश्न घेऊन. त्यांना प्रयोगाकडे न्यायचे असते. आरशात बघून चांदणी गिरवण्याचा प्रयोग घ्या. समोर पुठ्ठ्याचा आडोसा, हात त्याच्यामागे, दिसते ते फक्त आरशातले प्रतिबिंब. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर अडकते, उलट्याच दिशेला ओढली जाते, मुले हसतात, चिडतात. चौथ्या-पाचव्या फेरीला चुका निम्म्यावर येतात. मग हात बदलायला सांगितला की न सरावलेला हातही पहिल्यापेक्षा नीट चालतो. शेतातून थेट कॉलेजला आलेली मुलगी स्वतःच्याच चुकांचा आलेख काढते आणि ‘मॅडम, हे तर मोजता येतं!’ म्हणते, तेव्हा माझा विषय तिच्यापर्यंत पोचलेला असतो. या प्रात्यक्षिकांना लहान गट लागतात आणि वेळ लागतो. समुपदेशन कक्षाच्या बैठका, अहवाल आणि छायाचित्रे यांचा वेळ याच तासांतून काढला जातो.

याच प्रात्यक्षिकांत आम्ही आणखी एक गोष्ट शिकवतो. प्रयुक्ताची, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची, संमती घ्यायची आणि प्रयोगवहीत त्याचे नाव लिहायचे नाही, फक्त आद्याक्षरे. साध्या स्मरणाच्या प्रयोगातही. आणि समुपदेशन कक्षासाठी कार्यालयाने दिलेल्या नोंदवहीचे रकाने असे: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, वर्ग, समस्येचे स्वरूप, दिलेला सल्ला, विद्यार्थ्याची स्वाक्षरी. ही वही कार्यालयातल्या उघड्या कपाटात राहते आणि समिती आली की टेबलावर मांडली जाते. गाव एवढे लहान की आडनाव वाचले तरी घर कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याचे भान आमच्या नोंदवहीला नको का? मी त्या वहीत नावे लिहायला नकार दिला आहे आणि यापुढेही देईन.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मीच देते, हजेरी मीच घेते, पालकांना फोनही मीच करते. अशा बाईपुढे मुलगा मन मोकळे कसे करणार? स्टाफरूमच्या दाराशी एखादा घुटमळतो, मी हाक मारते. तो खुर्चीच्या टोकावर बसतो, तोंड उघडणार एवढ्यात शिपाई सूचनेवर सही घ्यायला येतो, पलीकडे दोन सहकारी डबा उघडतात. ‘काही नाही मॅडम, जर्नल कधी द्यायचं विचारायचं होतं,’ म्हणून तो उठतो. जर्नलची तारीख फळ्यावर लिहिलेली असते.

कुणी असा अर्थ काढू नये की मला मुलांचे ऐकायचे नाही. ऐकणे शिक्षकाचे कामच आहे. सतत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी मागे जाऊन बसू लागली, प्रयोगवही कोरी राहू लागली, तर ते आधी आम्हालाच दिसते. अशा वेळी ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट मूल बोलते होते. पण ‘हो’ असे उत्तर आल्यावर त्याला पाठवायचे कुठे, हे शिक्षकाच्या हाताशी हवे. आज मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी देते, गरज पडल्यास एसटीने सोबत जाते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी स्वतः वर्गांत चिकटवला आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. असे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावावेत आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, हेही त्याच निकालात आहे. आमच्याकडे ते प्रशिक्षण अद्याप झालेले नाही.

उच्च शिक्षण विभागाने अनुदानित महाविद्यालयांसाठी समुपदेशकाचे स्वतंत्र पद मंजूर करावे. पैशांची अडचण असेल तर निदान तालुक्यातल्या तीन-चार महाविद्यालयांत मिळून एक पूर्णवेळ पात्र व्यक्ती द्यावी. आठवड्याचा ठरलेला वार आणि दार लावता येईल अशी खोली एवढे तरी प्रत्येक संस्था देऊ शकते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक शाळा-महाविद्यालयांशी लेखी जोडून घ्यावे. आणि नॅकला किंवा विद्यापीठाला पुरावा हवा असेल तर भेटींची संख्या द्यावी, नावे नव्हेत. यातल्या शेवटच्या गोष्टीला शासन निर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. प्राचार्यांनी ठरवले तर त्या नोंदवहीतला नावाचा रकाना उद्या सकाळी रद्द होऊ शकतो.

आपली,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. धाराशिव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)