टायगर मॉथ आणि खारा वारा

संपादक महोदय,

कोकण किनाऱ्यावर जुनी दुपंखी विमाने उडवण्याची कल्पना सुरेखच. टायगर मॉथ या दुपंखी विमानाच्या उघड्या कॉकपिटमध्ये वळण चुकले की मापकाआधी गाल सांगतो. ज्या गालावर वारा लागेल, त्याच बाजूचे रडर (शेपटीच्या सुकाणूचे पेडल) दाबायचे. ही मजा बंद विमानात कुठली!

पण १९३१ च्या मूळ रचनेत ब्रेक नाहीत, वाऱ्यात जमिनीवर विमान सावरणे कठीण, म्हणून दुपारचा समुद्री वारा सुटण्याआधीच उतरावे. इंजिनाच्या उलट्या सिलिंडरांत तेल झिरपून साचते. म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (ठिणगी देणारे यंत्र) बंद ठेवून पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवावा. अडला तर जोर लावू नये, कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यावे. पंखांमधल्या तारा गोड्या पाण्याने पुसून तेलाचा हात द्यावा. गंज टोकाच्या आट्यांत आधी धरतो. पावसाळ्यात मात्र हँगरबाहेर काढूच नये.

— एक वाचक, रत्नागिरी