डांबर पडलं का?

गौडा, नेदरलँड्स

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, फोटोत गाल बसलेले दिसतात ते खिडकीतल्या उजेडामुळे. रोज भाजी-पोळी करते, वरून तुझी मिरचीची भुकटी. थंडीची काळजी सोड, घरात हीटर आहे.

बाबा, तुम्ही फोनवर रस्त्याचं बोलणं टाळून राहिले, म्हणून इथं विचारते. डांबर पडलं का? की मुरमावर गिट्टी टाकून ठेकेदार गेला तो गेलाच? दादाच्या व्हिडिओत तो मोटरसायकल ढकलत होता. म्हणे, गंमत म्हणून.

इथला एक प्रकार सांगते. आमच्या गल्लीचा रस्ता विटांचा आहे. खरंच, डांबर नाहीच. गावाखालची जमीन दलदलीची, ती हळूहळू खचते आणि रस्ताही खाली जातो. मग काही वर्षांनी माणसं येतात, एकेक वीट उचलून कडेला रचतात, खाली वाळू भरून रस्ता उंच करतात आणि विटा परत बसवतात. त्याच विटा, नवीन नाही! त्याआधी घरोघरी पत्र येतं: अमुक तारखेला काम सुरू, अमुक तारखेला संपेल, तोवर सायकल इकडून न्या, कचऱ्याचा डबा तिकडे ठेवा. शेजारची म्हातारी ते फ्रिजवर चिकटवते आणि जरा उशीर झाला की फोन लावते. मला ते पत्र पहिल्यांदा आलं तेव्हा घर खाली करायची नोटीसच वाटली. आपल्याकडे सरकारी कागद दारात आला की आजी आधी ट्रंकेकडे बघायची ना.

ऑफिसात एकाला आपल्या गोसीखुर्द धरणाचं सांगितलं. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प. त्यानं साधंच विचारलं, मग पूर्ण कधी झालं? म्हटलं, पाणी भरलं, गावं बुडाली, पुढचं चालू आहे. पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधा सांगायला घेतल्या आणि पोचरस्त्यापाशी थांबले. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून आपल्याच धरणात येतं, हे तर सांगितलंच नाही. घरचं उणं परक्यापुढे कशाला?

तुम्ही म्हणाल, तिकडे बसून बोलणं सोपं. सोपंच आहे. मोबदल्यातला मोठा वाटा माझ्या फीमध्ये गेला, हे दादा कधी बोलून दाखवत नाही. म्हणूनच त्याच्याशी फार वेळ बोलवत नाही मला.

आता मुद्द्याचं. मौद्याचे पाहुणे चपला हातात घेऊन चिखलातून आले नि "आमची पोट्टी इथं नाही देत" म्हणून गेले, हे मावशीकडून कळलं. तुम्ही तर पत्रिका जुळली नाही सांगितलं होतं! पुढच्या पाहुण्यांना दिघोरीला मामांकडे बोलवा. प्लॉटच्या बयाण्याचे पैसे या आठवड्यात खात्यात येतील. प्लॉट दादाच्या नावानं घ्या, माझ्या नको. मात्र गावठाणातलं घर विकायची घाई करू नका, एकदा उठलो तेवढं पुरे.

लग्न मार्चमध्ये धरलं तर मी नक्की येते. डिसेंबरात सुट्टी मिळेलसं वाटत नाही, पण माझ्यासाठी मुहूर्त ढकलू नका. हॉलचा खर्च माझा. माझ्या लग्नाचं दादाचं झाल्यावर बघू. आई, हे मावशीला सांगू नकोस, ती लगेच बायोडाटे धाडेल.

तुमची,
धाकटी