शेजाऱ्यांचा सामायिक निधी

संपादक महोदय,

युरोपातील शेजारी देशांच्या सहकार्य निधीवरील आपला लेख वाचला. १९९० पासून चाललेल्या ‘इंटररेग’ या युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्य निधीत प्रकल्पाला किमान दोन देशांतले भागीदार लागतात, पैसा त्यानंतर. लेखात नेमका हाच मुद्दा निसटला. आपल्याकडे दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेचा विकास निधी आहे, पण सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर झालेली नाही. देशांचे राहू द्या, गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा वाद महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश या दोन राज्यांचा, तोही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. तेव्हापासून दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे. गोदावरीसाठी असा निधी आखताना धर्माबाद आणि तेलंगणातील निजामाबादच्या शेतकऱ्यांचा संयुक्त अर्ज हीच पहिली अट ठेवावी.

– एक वाचक, धर्माबाद (जि. नांदेड)