विषय: संशोधन प्रयोगशाळेसाठी चुकीचं फ्लोअरिंग दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या माणसाने बोलता बोलता फोन ठेवून दिला, म्हणून आता लेखी कळवते आहे.

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही घातलेल्या व्हिनाइल शीटचे सांधे उघडले आहेत. फ्यूम हूडसमोर, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर, कडेला नख लावलं तरी शीट उचलली जाते आणि खालचा सिमेंटचा थर भुसभुशीत होऊन हाताला लागतो. सांडलेलं आम्ल तिथपर्यंत पोचतं आहे. आमची जुनी फरशी शहाबादी, म्हणजे चुनखडीचा दगड. आम्ल पडलं की फसफसायची. ती झाकायची म्हणूनच तुमच्याकडे आलो होतो. सांधे गरम हवेने, वेल्डिंग रॉड घालून जोडायचे असतात, हे तुम्हाला मी सांगायचं? तुमच्या कारागिरांनी कडा नुसत्या चिकटवल्या. भिंतीलगत शीट वर वळवून घ्यायची, तीही घेतली नाही.

सिंकजवळ ॲसिटोन या द्रावकाची बाटली कलंडली. पुसेपर्यंत शीट मऊ पडली होती आणि एका विद्यार्थ्याच्या बुटाचा ठसा तिच्यात कायमचा उमटला. ॲसिटोनने पीव्हीसी, म्हणजे हेच व्हिनाइल, मऊ पडतं हे तुमच्या कंपनीत कुणालाच माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आता तो फोन. मी म्हटलं, सांधे उघडलेत. उत्तर आलं, "मॅडम, फिनाइलने पुसत जा." मी सांगितलं, इथे सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल रोज वापरतात. त्यावर, "मग सांडू नका ना मॅडम." प्रयोगशाळेत काही सांडू नका! मी विचारलं, मग ब्रोशरवर 'प्रयोगशाळांसाठी उपयुक्त' कशाला छापलंय? ते म्हणाले, "रसायन सांडलं तर वॉरंटी लागू नाही." आणि वर, "तुमच्या सोलापूरचं ऊनच तसलं, पुण्यात आमची एकही तक्रार नाही." आमच्या खोलीत ऊन येतच नाही. आणि सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, हे ऑर्डर घेताना माहीत नव्हतं का? मी साहेबांशी बोलायचं म्हणाले, तर फोन बंद.

मोजमाप घ्यायला आलेल्या तुमच्या प्रतिनिधीने रंग विचारला, चौरस फूट विचारले. कोणती रसायनं वापरता, किती तीव्रतेची, सांडल्यावर किती वेळ तशीच राहतात, यातलं एक अक्षर विचारलं नाही. तीव्र आम्लाच्या जागी नोव्होलॅक इपॉक्सीचा आम्लाला टिकणारा लेप किंवा आम्लरोधक टाइल, ज्वलनशील द्रावकांच्या खोलीत स्थिर वीज साचू न देणारं फ्लोअरिंग, सिंकजवळ ओलं असतानाही न घसरणारा पृष्ठभाग, हा विचार विकणाऱ्याने करायचा असतो. तुम्ही आम्हाला दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चालेल असं एकच फ्लोअरिंग सगळीकडे अंथरून दिलंत. हातात आम्लाचं भांडं घेऊन त्यावरून माझी मुलं चालतात.

पंधरा दिवसांत तंत्रज्ञ पाठवा, विक्री प्रतिनिधी नको. शीटवर कोणत्या रसायनाचा काय परिणाम होतो याचा चाचणी अहवाल द्या. फ्यूम हूडच्या पट्ट्यातलं फ्लोअरिंग बदलून द्या आणि बाकीचे सांधे वेल्ड करून द्या, तुमच्या खर्चाने. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुमचं ब्रोशर जपून ठेवलं आहे, ते सोबत जोडीन.

प्रयोगशाळा प्रमुख,
सोलापूर