बाबांच्या पद्मिनीविषयी

दांडिया बाजार, वडोदरा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही पुन्हा तुमच्या जुन्या पद्मिनी मोटारीला रंग देण्याचे विचारलेत. रंग या वर्षी होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण उभ्या राहिलेल्या गाडीत आधी रबर खराब होते, आणि ते काम पुरे झाल्याशिवाय पत्र्यावर पैसे घालणे मला पटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातील गाड्यांची चकाकी तुमच्या मनात आहे, हे मी जाणते. पण आपली गाडी इथल्या मांडवीच्या बाजारापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत यायची आहे.

चारही चाकांचे ब्रेक ड्रम उतरवले. मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरमधील (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यातील) रबरी कप फुगून बसले होते आणि ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे झाले होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे गाडी जागची हलली नाही तरी सिलिंडर आतून गंजतात. सगळीकडचे कप बदलले आणि मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलजवळच्या मुख्य नळकांड्यापासून, सर्वांत लांब असलेल्या त्याच चाकापासून सुरुवात करून लाइनमधील हवा काढली. पेडलवर तुमचा नातू होता. ‘दाब’ आणि ‘सोड’ या दोन्ही आज्ञा त्याने निमूटपणे पाळल्या, जे एरवी या घरात घडत नाही.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि १९८६ च्या गाडीतील रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंतच्या) रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, नवा घातला. इंजिनाला फारसे काही लागले नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे ठिणगीचे पॉइंट घासून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांच्यात सुमारे ०.४५ मिलिमीटर अंतर ठेवले, तेवढ्याने ते सुरू झाले. १०८९ सी.सी.चे हे इंजिन साधे आहे म्हणूनच घरच्या अंगणात हाताळता येते. सुटे भाग मात्र वेळीच घेऊन ठेवायला हवेत, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि या भागांना आता तेवढे गिऱ्हाईक उरलेले नाही.

पत्र्याकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. दारे तिथूनच कुजतात.

आई, तू काळजी करू नकोस. मी नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जात नाही. खाली लोखंडी स्टँड असतात आणि जमिनीवरच्या चाकांना विटा लावलेल्या असतात.

जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि आपली मुदत केव्हा संपते ते पाहायचे आहे. तरी दादाला सांगून आर.सी. बुकाच्या सर्व पानांचे स्वच्छ फोटो पाठवावेत. मूळ बुक टपालाने पाठवू नये.

तुमची लेक