देणगी कुणाला द्यायची, हे मुलांना ठरवू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. नंतर मदतीचे ट्रक आले, आमच्या विद्यार्थ्यांनी चिखल उपसला, धान्याची किट वाटली. हमरस्त्यालगत एकेका घरी दोन-दोनदा मदत पोचली आणि आतल्या वाड्या वाट बघत राहिल्या. मुलं राबायला कमी पडली नाहीत. आधी कुणाला आणि किती द्यायचं, हे ठरवायचं कसं, ते मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात २००० च्या सुमारास हे शिकवायला सुरुवात झाली. वर्गाला खरे पैसे मिळतात आणि ते कोणत्या स्थानिक संस्थेला द्यायचे, हे विद्यार्थीच ठरवतात. आपल्या नव्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभाग प्रकल्पाला क्रेडिट आहेतच. त्यातच हे बसवा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या एकेका महाविद्यालयात एका वर्गाला ५० हजार रुपये द्या.

कोकणाला देणं नवं नाही. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी वर्गणी काढून गावच्या शाळा बांधल्या, देवळं उभी केली. पण ती वर्गणी बहुतेक आपल्याच गावात, आपल्याच वाडीत येते. जिथून मुंबईला फारसं कुणी गेलंच नाही, त्या वाडीचं काय? हा प्रश्न वर्गात यायला हवा. धो धो पावसाच्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, तेव्हा धनगरवाडीच्या झऱ्याला टाकी बांधायची की पुरात भिजलेल्या वाचनालयाला कपाटं द्यायची? दोन्ही अर्ज खरे, पैसे एकालाच पुरणारे. मग मुलं चढण चढून वाडीवर जातील, बायकांना विचारतील, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल वाचतील, आणि ज्यांना नाही म्हणायचं त्यांना कारणांसह पत्र लिहितील. ते नकाराचं पत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्याच्या गावच्या मंडळाचा अर्ज असेल, त्याने मतदानाच्या वेळी बाहेर बसायचं, हा नियम पहिल्याच दिवशी हवा. वर्षभराने पुढच्या तुकडीने जाऊन टाकीत पाणी आहे का, ते बघावं.

पैशांची सोय अवघड नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या कामांत मोडतं. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या अशा कंपन्यांशी आपण बोलावं. मात्र पैसे देणाऱ्या कंपनीचा, संस्थाचालकांचा किंवा आम्हा प्राध्यापकांचा निवडीत हात नसावा. तेवढी अट शासन निर्णयातच लिहा आणि येत्या जूनपासून सुरुवात करू द्या.

आपली नम्र,
एक प्राध्यापिका, चिपळूण